बँकेतली आरएमची नोकरी सोडून स्वतःचं सुरू करावं का? डिस्ट्रिब्युटर की सेबीवाला सल्लागार, आणि पोट भरतं का?

काठावरचा

नमस्कार मंडळी, तीनेक वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय तेव्हा सांभाळून घ्या.

वय ३४, बीकॉम, नाशिक. एका खाजगी बँकेत रिलेशनशिप मॅनेजर, आठ वर्षं झाली. बँकेचं नाव विचारू नका, अजून तिथेच आहे. हातात ५८ हजार पडतात. इन्सेंटिव्ह वेगळा असं ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं पण गेल्या वर्षभरात एकदाच मिळाला, तोही याच मार्चएंडला. कसा मिळाला ते सांगतो म्हणजे धागा का काढला ते कळेल.

एक आजोबा आले होते, ६७ वर्षांचे, सहा लाखांची एफडी पिकली होती ती रिन्यू करायला. मी त्यांना सिंगल प्रीमियमचं युलिप (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र) दिलं. पाच वर्षं लॉक-इन. कारण त्या दिवशी क्लस्टर हेड दर तासाला ग्रुपवर 'अपडेट प्लीज' टाकत होता आणि माझ्या नावापुढे शून्य होतं. आजोबांनी काही विचारलंच नाही, चष्मा विसरले होते, मला म्हणाले "तू म्हणतोयस ना, मग कुठे सही करू ते दाखव". मी बोट ठेवून दाखवली. तेव्हापासून झोप नीट नाही.

तर प्रश्न असे की, एक, बाहेर पडून म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटर (फंड विकून कमिशन घेणारा) व्हावं का सेबीचा, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, रजिस्टर्ड इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायजर (फी घेऊन सल्ला देणारा), का दोन्ही एकदम करता येतं? दोन, यात खरी कमाई किती आणि कधीपासून? यूट्यूबवर सगळे महिन्याला पाच लाख सांगतात. तीन, पुढच्या दहा वर्षांत हा धंदा राहणार का ॲप सगळं खाऊन टाकणार? घरी बायको (शाळेत शिक्षिका, २६ हजार), मुलगी चार वर्षांची, घराचा हप्ता २३ हजार.

कट्ट्यावरचा

आधी त्या आजोबांचा पत्ता द्या, मग सल्ला देतो.

जुनीवही

काठावरचा, धागा चांगला काढलास. कट्ट्यावरच्याकडे लक्ष देऊ नकोस. अरेतुरे करतोय, वयाने बराच मोठा आहे.

मी २००६ पासून यात आहे, कोल्हापूर. आधी पोस्टाची आरडी, मग फंड. तेव्हा एन्ट्री लोड होता, म्हणजे गिऱ्हाइकाने लाख रुपये टाकले की सव्वादोन टक्क्यांपर्यंत वरच्या वर कापले जायचे आणि त्यातला मोठा भाग आमच्याकडे यायचा. दिवाळीत एखादा एनएफओ (नवा फंड) आला की गाडीचं डाऊन पेमेंट निघायचं, खोटं कशाला बोलू. १ ऑगस्ट २००९ ला सेबीने तो बंद केला. माझ्यासोबतचे निम्मे लोक तेव्हा गेले, कोणी विम्यात, कोणी प्लॉटिंगमध्ये, एकाने चक्क मोबाईल शॉपी टाकली. मग फंड कंपन्या आपल्या खिशातून अपफ्रंट, म्हणजे सुरुवातीलाच एकरकमी कमिशन, द्यायला लागल्या, ते २०१८ च्या ऑक्टोबरात बंद झालं. आता उरलंय ते फक्त ट्रेल. म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे जोवर फंडात आहेत तोवर वर्षाला साधारण पाऊण ते एक टक्का, इक्विटीत, महिन्याच्या महिन्याला. डेटमध्ये फारच कमी.

आता कागद घे आणि हे लिही कारण हे कोणी सांगत नाही. समज तू एका माणसाची पाच हजारांची एसआयपी सुरू केलीस आणि ट्रेल ०.८ टक्के धरला. पहिल्या महिन्यात तुला मिळणार तीन रुपये तेहतीस पैसे. दुसऱ्या महिन्यात सहा रुपये सदुसष्ट पैसे. बाजार हललाच नाही असं धरलं तर पूर्ण वर्षाचे मिळून २६० रुपये. त्या माणसाकडे तू तीनदा गेलास, केवायसी रिजेक्ट झाली म्हणून चौथ्यांदा गेलास, पेट्रोलच त्याहून जास्त गेलं. असे १०० लोक पहिल्याच महिन्यात जमवलेस (नाही जमणार) तरी वर्षाचे २६ हजार. तुझ्या एका महिन्याच्या पगाराच्या निम्मे पण नाहीत.

पण तोच हिशेब पुढे ने. त्या १०० जणांनी एसआयपी थांबवली नाही आणि १२ टक्के परतावा धरला (मिळेलच असं नाही, हिशेबापुरता), तर पाचव्या वर्षाच्या शेवटी चार कोटींच्या वर जमा होतात, ट्रेल वर्षाला सव्वातीन लाख. दहाव्या वर्षी साडेअकरा कोटी आणि वर्षाला नऊ लाखांच्या वर. माणसं तीच शंभर. त्यामुळे लोक मला विचारतात पगार किती तेव्हा मी विचारतो कितव्या वर्षाचा?

तर पहिली पाच वर्षं जगायची कशी हा खरा प्रश्न. माझी बायको तेव्हा शिवणकाम करायची, घर तिने चालवलं. मी मीटिंगला इस्त्रीचा शर्ट घालून जायचो आणि परत येताना भाजी उधार आणायचो.

टीवाय_बीकॉम

काका परीक्षा कुठली असते? आणि सीएफपी करू का सीएफए, आमचे सर म्हणतात सीएफए शिवाय पर्याय नाही.

जुनीवही

डिस्ट्रिब्युटरला एनआयएसएमची (सेबीची परीक्षा घेणारी संस्था) व्ही-ए. १०० प्रश्न, दोन तास, ५० टक्क्यांना पास, निगेटिव्ह मार्किंग नाही. महिनाभर नीट वाचलंस तर होते. मग ॲम्फीचा (फंड कंपन्यांची संघटना) एआरएन, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा नोंदणी नंबर, काढायचा. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, मग रिन्यू. परीक्षा अवघड नाहीच रे, म्हणूनच लाखाच्या वर एआरएनवाले आहेत आणि त्यातले बरेचसे नुसते कार्डावर.

सीएफएबद्दल शुल्कपक्ष ताई सांगतील, त्यांची वाट बघू.

डायरेक्टवाला

मला कोणाचं मन दुखवायचं नाही पण स्पष्ट बोलतो. १ जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट प्लान (मध्ये डिस्ट्रिब्युटर नसलेले) उपलब्ध आहेत. तोच फंड, तोच मॅनेजर, खर्च कमी. मी मोबाईलवर तीन मिनिटांत एसआयपी केली. मग हा ०.८ टक्का मी कोणाला आणि का देऊ? कोट्यवधी डीमॅट खाती उघडली गेलीत, नवी पिढी एआयला विचारून पोर्टफोलिओ करते. आज ३४ व्या वर्षी या धंद्यात शिरणं म्हणजे मोबाईल आल्यावर पीसीओ टाकण्यासारखं आहे. काठावरचा, नोकरी सोडू नका, फारतर बँक बदला.

कट्ट्यावरचा

डायरेक्टवाल्यांचा पोर्टफोलिओ मार्च २०२० च्या पडझडीत कसा होता ते पण येऊद्या :)

डायरेक्टवाला

होल्ड केला होता.

शुल्कपक्ष

वाखुसा (वाचनखूण साठवली). उशीर झाला यायला, वर्षअखेरीचं ऑडिट चालू आहे.

मी दुसऱ्या बाजूची, सेबी रजिस्टर्ड, पुणे, २०१९ पासून. (नावावरून कोट्या करून झाल्या असतील तर पुढे जाऊ.) काठावरचा, दोन्ही एकदम करता येत नाही. व्यक्ती म्हणून रजिस्टर झालात तर डिस्ट्रिब्युशन सोडावंच लागतं, कमिशन एक रुपयाचंही नाही. २०२० च्या दुरुस्तीने हे अगदी घट्ट केलं. आणि उलट बाजूने, रजिस्ट्रेशन नसताना डिस्ट्रिब्युटरला स्वतःला 'इंडिपेंडंट फायनान्शियल ॲडव्हायजर' किंवा 'वेल्थ ॲडव्हायजर' म्हणवता येत नाही.

नियमांचं थोडक्यात. मूळ रेग्युलेशन २०१३ चं. डिसेंबर २०२४ मध्ये बरंच सोपं केलं, पदवी लागते, एनआयएसएमच्या एक्स-ए आणि एक्स-बी अशा दोन परीक्षा, अनुभवाची अट काढून टाकली. नेटवर्थच्या (स्वतःच्या मालमत्तेच्या) अटीच्या जागी डिपॉझिट आलं, १५० पर्यंत क्लायंट असतील तर एक लाख, पुढे क्लायंट वाढतील तसं वाढत दहा लाखांपर्यंत. फीला कमाल मर्यादा आहे, ठराविक फी घेत असाल तर एका कुटुंबाला वर्षाला १,५१,००० (आधी सव्वा लाख होती), नाहीतर सल्ल्याखालच्या रकमेच्या अडीच टक्क्यांपर्यंत. क्लायंट ३०० च्या वर किंवा फी वर्षाला ३ कोटींच्या वर गेली की वैयक्तिक नोंदणीवर चालवता येत नाही. मला तो प्रॉब्लेम अजून आलेला नाही :)

माझे आकडे सांगते, लपवण्यासारखं काही नाही. आज ३८ कुटुंबं, सरासरी फी वर्षाला २४ हजार, म्हणजे नऊ लाखांच्या थोडं वर. त्यातून सॉफ्टवेअर, ऑडिट, ऑफिसचं भाडं, एक मुलगी आहे मदतीला तिचे २८ हजार दर महिन्याला. आता तुम्हीच वजाबाकी करा. मला घरी नेऊन काय उरतं ते तुमच्या बँकेतल्या पगाराहून बरंच कमी आहे, सातव्या वर्षी. कुटुंबं ८० झाली की चित्र बदलेल, कारण खर्च तेवढाच राहतो. पण ८० व्हायला वेळ लागतो कारण आपल्याकडे सल्ल्याचे पैसे द्यायचे असतात हेच लोकांना पटत नाही.

एक प्रसंग सांगते. गेल्या वर्षी एक रिटायर्ड काका आले, पीएफ ग्रॅच्युइटीचे ४० लाख. दोन तास बसले, सगळं समजून घेतलं, माझ्याच पॅडवर माझ्याच पेनाने लिहून घेतलं. शेवटी विचारलं, "मग फॉर्म कुठला भरायचा?" म्हटलं फॉर्म नाही काका, माझी फी पंधरा हजार. ते एकदम गप्प. तिसऱ्या दिवशी मेसेज, "भाच्याकडून घेतलं, तो फुकट करून देतो, तरी तुमचे आभार." भाचा डिस्ट्रिब्युटर. ४० लाखांवर ०.८ टक्क्याने भाच्याला वर्षाला ३२ हजार जातात, दर वर्षी, काकांच्याच पैशांतून, फक्त ते काकांना दिसत नाहीत. दिसणारे पंधरा महाग आणि न दिसणारे बत्तीस फुकट.

टीवाय_बीकॉम, सीएफए हे शेअर्स आणि कंपन्यांचं विश्लेषण करणाऱ्यांसाठी, फंड हाऊस, रिसर्च वगैरे. कुटुंबांचं प्लॅनिंग करायचं असेल तर सीएफपी जवळचं, त्यात विमा, टॅक्स, रिटायरमेंट, वारसा सगळं येतं. पण दोन्हीने गिऱ्हाईक येत नाही, हे लक्षात ठेव. माझ्याकडे एकाने आजवर भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचलेलं नाही.

जुनीवही

ताई, तो भाचा मी नव्हे :)

पण ताईंचं बरोबर आहे, आणि ते बोर्डाचं तर माझ्यावरच शेकलंय. माझ्या दुकानावर पंधरा वर्षं 'गुंतवणूक सल्लागार' लिहिलेलं. २०२० नंतर पेंटर बोलावून 'म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटर' करून घेतलं. पेंटर म्हणाला साहेब अक्षरं जास्त झालीत, बारीक लिहावी लागतील. शेजारचा किराणावाला विचारतो, काका आता सल्ला बंद का?

डायरेक्टवाले, तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि तुमच्यासारख्याला माझी गरज नाही. माझ्या स्वतःच्या पुतण्याला, तो आयटीत आहे, मी डायरेक्टच घ्यायला लावलं. पण सगळे तुमच्यासारखे नसतात. २३ मार्च २०२०, सोमवार. सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी पडला, १३ टक्के. त्या दिवशी मला साठ-सत्तर फोन आले, मी जेवलो रात्री साडेदहाला. एकेकाला सांगत होतो काही करू नका, नुसतं काही करू नका. एका मास्तरांना चार वेळा सांगितलं, पाचव्यांदा त्यांच्या मुलाला फोनवर घेतलं. त्यांनी काढले नाहीत. ते आज मला ट्रेल देतात ते त्या दिवसाचे, फंड निवडल्याचे नाहीत. आणि गंमत बघा, काम सगळ्यात जास्त होतं त्याच महिन्यात माझी कमाई सगळ्यात कमी, कारण ट्रेल एयूएमवर (गिऱ्हाइकांच्या फंडातल्या एकूण रकमेवर), एयूएम पडला की माझा पगार पण पडला. हे पण काठावरच्याने लिहून ठेवावं. या धंद्यात पगार बाजाराबरोबर हलतो.

दुसरं म्हणजे मयताची कामं. गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक वारले, वय ५२. वहिनींकडे ११ फोलिओ (फंडांची खाती), तीन ठिकाणी नॉमिनी कोरा, एका ठिकाणी लग्नाआधीचं नाव. सहा महिने गेले सगळं त्यांच्या नावावर व्हायला. याचं वेगळं कमिशन काही नसतं. म्हणाल तर लष्कराच्या भाकऱ्या, पण त्या वहिनींनी नंतर आपल्या दोन बहिणी माझ्याकडे पाठवल्या.

अबोली_७

जुनीवही काका, तुमचं वाचून बाबा आठवले. विषय थोडा वेगळा आहे पण लिहितेच.

बाबा एलआयसीचे एजंट, सांगली जिल्ह्यात, सायकलवरून सुरुवात, मग लुना. लहानपणी मला लाज वाटायची कारण लग्नात बाबा दिसले की लोक पानाच्या बाजूने सटकायचे. विम्यात पैसे उलटे असतात, पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर कमिशन सगळ्यात जास्त आणि पुढे दर हप्त्याला थोडं थोडं. म्हणून नवीन पॉलिसी काढायचीच असं डोक्यावर असायचं, मार्चमध्ये घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. बाबा २०१६ ला गेले. त्यानंतर त्यांच्या जुन्या पॉलिसींचं रिन्युअल कमिशन आईच्या नावाने येत राहिलं, अजूनही थोडं येतं. आई पासबुक भरून आणते आणि ती ओळ मला दाखवते. बाबांनी विकलेल्या कित्येक एन्डाउमेंट (विमा अधिक बचत) पॉलिसी आज मी कोणालाच घ्यायला सांगणार नाही, आणि माझं शिक्षण त्यातूनच झालं. यावर काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही.

काठावरचा, तुम्हाला एकच विचारते, मार्चएंडचा तो ताण बाहेर आल्यावर जातो का, का तोच स्वतः स्वतःला देता?

ओहायोकर

इकडचं थोडं टाकतो, तुलनेला बरं. अमेरिकेत सरकारचा ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स दर व्यवसायाचे आकडे काढतो, पर्सनल फायनान्शियल ॲडव्हायजर हा त्यात वेगळा व्यवसाय आहे. मे २०२३ चा मध्यम पगार ९९,५८० डॉलर, वरच्या दहा टक्क्यांचा २,३९,२०० च्या वर. आणि २०२३ ते २०३३ मध्ये नोकऱ्या १७ टक्क्यांनी वाढतील असा त्यांचा तेव्हाचा अंदाज, कारण म्हाताऱ्यांची संख्या वाढतेय आणि कंपन्यांचं पेन्शन जवळपास गेलंय, सगळ्यांना आपापलं बघावं लागतं. हे वाचून माझ्या बायकोच्या भावाने लगेच करिअर बदलायचं ठरवलं.

पण बारीक अक्षरं वाचा. त्या पगाराच्या आकड्यात स्वतःचा धंदा असणारे धरलेलेच नाहीत, आणि बोनसही नाही. म्हणजे ज्याला यश आलं तोही त्यात नाही आणि ज्याने गॅरेजमधून दोन वर्षं हातपाय मारून सोडून दिलं तोही नाही. मी स्वतः दोन वर्षं एका ब्रोकरेज फर्ममध्ये होतो. आमच्या बॅचला पहिल्या दिवशी सांगितलं, ओळखीच्या दोनशे लोकांची यादी करा. माझे ओळखीचे दोनशे लोक म्हणजे मंडळाचे गणपतीचे लोक. त्या वर्षी मला कोणी आरतीला बोलावलं नाही. यादी संपली तसे लोक एकेक करून गेले, आणि त्यांनी आणलेली गिऱ्हाइकं फर्मकडेच राहिली.

नंतर मी एका फी घेणाऱ्या छोट्या ऑफिसात पॅराप्लॅनर म्हणून लागलो, म्हणजे सल्लागार समोर बोलणार आणि मागचे हिशेब, टॅक्स, रिपोर्ट मी करणार. पगार ठरलेला, विकायचं काही नाही. सिरीज ६५ ही सल्लागाराची परीक्षा दिली, १३० प्रश्नांतले सत्तर टक्क्यांहून थोडे जास्त बरोबर लागतात, तिला फर्मची स्पॉन्सरशिप लागत नाही. चार वर्षांनी मला माझी गिऱ्हाइकं मिळाली. हा रस्ता हळू आहे पण उपाशी ठेवत नाही. भारतात असं काही आहे का?

शुल्कपक्ष

आहे, पण जागा मोजक्या. रजिस्टर्ड सल्लागारच देशभरात हजाराच्या आसपास, त्यातले बरेच एकटेच काम करणारे. माझ्याकडची मुलगी तेच करते. पण मोठे डिस्ट्रिब्युटर, वेल्थ फर्म, फॅमिली ऑफिस यांच्याकडे मागच्या कामाला माणसं लागतात आणि चांगली मिळत नाहीत ही खरी तक्रार आहे. एक्सेल येणारी आणि म्हाताऱ्या माणसाशी फोनवर न चिडता बोलणारी एकच व्यक्ती, ही मागितली की मिळत नाही. टीवाय_बीकॉम ऐकतोयस ना?

संपादक मंडळ

'शुअर शॉट ऑप्शन टिप्स, रोज ५ हजार, टेलिग्राम जॉइन करा' असा प्रतिसाद काढून टाकला आहे. सदस्याचे खाते बंद.

कट्ट्यावरचा

घ्या, सगळ्यात जास्त कमाईवाला सल्लागार तुम्हीच उडवलात.

डायरेक्टवाला

+१ हा मात्र आवडला.

जुनीवही, तुमचा २३ मार्चचा मुद्दा मान्य. पण मग तो ताईंसारखा फीमध्ये घ्या ना. पोर्टफोलिओ वाढला की तुमचं कामही वाढतं असं थोडंच आहे? ५० लाखांचा एक कोटी झाला तर तुम्हाला दुप्पट का?

जुनीवही

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. खरंच नाही. एवढंच की माझ्या गिऱ्हाइकांत पानपट्टीवाला आहे, एसटीचा कंडक्टर आहे, दोन हजारांच्या एसआयपीवाले शेकड्याने आहेत. त्यांना फी पाच हजार सांगितली तर एकही येणार नाही. कोटीवाला जास्त देतो म्हणून दोन हजारवाला परवडतो. विलायतेत २०१२ संपताना गुंतवणुकीवरचं कमिशन बंद केलं, फीच घ्यायची असा नियम झाला, तेव्हा छोट्या गिऱ्हाइकांना सल्ला मिळेना अशी ओरड तिकडेही झाली. आपल्याकडेही कधी तसं झालं तर माझा धंदा बसेल आणि ताईंचा चालेल, हे काठावरच्याने धरून चालावं. टीईआरवर (फंड गिऱ्हाइकाकडून वर्षाला किती टक्के खर्च घेतो त्यावर) कात्री चालूच असते. २०१८ च्या स्लॅबमध्ये इक्विटी फंडाच्या पहिल्या ५०० कोटींना सव्वादोन टक्के आणि ५०,००० कोटींच्या पुढे १.०५ टक्के अशी मर्यादा होती. फंड मोठा झाला की खर्चाला जागा कमी उरते आणि त्यातून आमचा ट्रेल उतरतो.

पण माणसंही येतायत की. फंड इंडस्ट्रीचा एयूएम मे २०१४ मध्ये १० लाख कोटी होता, २०२३ संपताना ५० लाख कोटींच्या वर. एसआयपी महिन्याला १०,००० कोटींच्या वर गेली सप्टेंबर २०२१ मध्ये, २०,००० च्या वर एप्रिल २०२४ मध्ये. यातले बरेच तुमच्या ॲपवरून आले असतील. पण आले त्यातल्या कितीजणांनी अजून खरी पडझड बघितलेली नाही? त्यांचे फोन कोणीतरी उचलायला लागणारच.

शुल्कपक्ष

माझे गेल्या दोन वर्षांतले जवळजवळ निम्मे नवीन क्लायंट ॲपवरूनच आलेले आहेत, म्हणजे स्वतः डायरेक्ट घेऊन, २३ फंड जमवून, मग "आता हे आवरून द्या" म्हणून. तुमची ॲपच या पीसीओला गिऱ्हाईक पाठवतात डायरेक्टवाले :)

टीवाय_बीकॉम

तेवीस?? माझे तर तीनच आहेत

काठावरचा

सगळ्यांचे आभार. दोन दिवस बसून वाचलं, बायकोलाही वाचायला दिलं. तिने जुनीवही काकांच्या बायकोचं शिवणकाम आलं तिथे मोबाईल खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे मी शिवायचं का?"

अबोली ताई, तुमच्या प्रश्नाला उत्तर नाही, पण तो डोक्यातून जात नाहीये.

हिशेब केला. शिल्लक आणि एफडी मिळून १४ महिन्यांचा घरखर्च आहे, हप्त्यासकट, बायकोचा पगार धरून. काकांनी पाच वर्षं सांगितली. तर ठरवलं की नोकरी लगेच सोडत नाही, व्ही-ए ची परीक्षा आधी देतो, पुढच्या महिन्यातल्या रविवारचा स्लॉट घेतला. दोन वर्षांनी एक्स-ए एक्स-बी बघू. म्हणजे हळू जायचं असं ठरवलेलं.

जुनीवही

शहाणपणाचं केलंस. बँकेच्या गिऱ्हाइकांची यादी घेऊन मात्र बाहेर पडू नकोस, तो डेटा तुझा नाही. जे शोधत येतील ते येतील.

आणि त्या आजोबांचं काय झालं? फ्री-लुक (पॉलिसी परत करायची मुदत) ३० दिवसांचा असतो, पॉलिसी हातात पडल्यापासून. मार्चएंडची म्हणतोस तर अजून संपला नसेल. बघितलंस का?

काठावरचा

काका, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला. मला हे माहीत होतं, ट्रेनिंगमध्ये शिकवतात. आजवर मी स्वतःहून कोणाला सांगितलं नव्हतं इतकंच.

आज सकाळी आजोबांच्या घरी गेलो. पाकीट फोडलेलं पण नव्हतं, टीव्हीच्या मागे ठेवलेलं, वरच्या तारखेप्रमाणे अजून चार दिवस बाकी. यावेळी चष्मा लावून त्यांना सगळं वाचून दाखवलं, फ्री-लुकचा अर्ज तिथेच त्यांच्या हाताने लिहून घेतला आणि ब्रँचमध्ये मीच इनवर्ड केला. किरकोळ कापून पैसे परत येतील. दुपारी तीनला क्लस्टर हेडचा फोन, इन्सेंटिव्ह परत कापला जाणार ते एक, आणि उद्या साडेनऊला रिजनल ऑफिसला ये, सोबत लॅपटॉप आण.

त्यामुळे वर लिहिलेला हळू जायचा प्लान किती टिकतो माहीत नाही. १४ महिन्यांचं गणित परत करायला बसलोय.

जुनीवही

लॅपटॉप देताना पोचपावती घे. सॅलरी स्लिपा आणि फॉर्म १६ आज रात्रीच काढून ठेव, उद्या लॉगिन चालेल न चालेल. आणि रविवारी कोल्हापूरला ये, सकाळची गाडी पकड. माझी २००६ ची वही दाखवतो, पहिल्या वर्षाच्या पानावर काय आहे ते बघ आणि मग गणित कर.

शुल्कपक्ष

व्यनि (खाजगी निरोप) केला आहे, बघा. एका ऑफिसात मागच्या कामाला माणूस हवाय, नाशिकलाच. पगार ५८ नाही.